ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपचे मागचे शॉकअप बदलताना

जनरेटरची किंवा कॉम्प्रेसरची ट्रॉली जोडली की पिकअपचं बूड बसतं, नाक वर उठतं आणि पुलाच्या सांध्यावर गाडी दोन-तीन वेळा डुलते. यावर 'हेवी शॉकअप टाका' हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. वजन पेलतात ते पाटे (लीफ स्प्रिंग). शॉकअप फक्त पाट्यांची उसळी आवरतो. बूड बसत असेल तर पाटे बघा, डुलत असेल तर शॉकअप.

म्हणून खर्चाआधी टेप घ्या. सपाट जागेवर मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, ट्रॉली जोडून पुन्हा घ्या. ॲक्सल आणि वरचा रबरी बंप स्टॉप (ॲक्सल चासीवर आपटू नये म्हणून असलेला ठोकळा) यांच्यातली जागाही दोन्ही वेळा मोजा. जोडल्यावर ती निम्म्याहून कमी उरत असेल तर आधी हेल्पर पाटा (मूळ पाट्यांना आधार देणारा जादा पाटा), मग शॉकअप. उलट केलंत तर नवा शॉकअप प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटेल आणि लवकरच गळायला लागेल.

हुकावरचा भारही फसवा असतो. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के वजन हुकावर हवं. 1000 किलोची ट्रॉली असेल तर 120 किलो धरा. हूक मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर 3 मीटर असेल, तर मागच्या ॲक्सलवर 120 नाही, 168 किलो वाढतात आणि पुढच्यावरून 48 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळेच. आरसीवरची वजनाची मर्यादा मात्र कुठल्याही शॉकअपने वाढत नाही.

जुना शॉकअप गेलाय का, हे गाडी दाबून कळत नाही. पिकअपचे पाटे इतके कडक असतात की हाताच्या जोराने गाडी हलतच नाही. खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून लगेच दोन्ही शॉकअपना हात लावा, सायलेन्सर सांभाळून. चालू शॉकअप कोमट लागतो. एक कोमट आणि एक थंड असेल, तर थंड तो मेलेला. अंगावर तेलाचा पुसट ओलावा चालतो, ओघळ चालत नाही.

निवड करताना उष्णतेचा विचार करा. शॉकअप उसळीची उष्णता करतो. ट्रॉली मागे असताना ती वाढते, साध्या ट्विन-ट्यूबमधलं (एकात एक दोन नळ्यांच्या शॉकअपमधलं) तेल पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस येतो आणि घाटाच्या उतरणीवर, नेमकी गरज असते तिथे, पकड सुटते. मोनोट्यूबमध्ये नायट्रोजन वेगळ्या पिस्टनमागे बंद असतो, शिवाय नळी एकच, त्यामुळे तो लवकर थंड होतो. पण त्याच्या नळीवर दगड बसून पोचा पडला की पिस्टन अडकतो. खडीच्या रस्त्यावर किंवा खाणीत गाडी जात असेल तर मोठ्या व्यासाचा, गॅस भरलेला ट्विन-ट्यूबच घ्या. ट्रॉली महिन्यातून चार दिवसच लागत असेल तर फार कडक शॉकअप नको. रिकामी गाडी खड्ड्यांवर उड्या मारते, टायर रस्ता सोडतं आणि ब्रेक लांब लागतो. अशांना कडकपणा बदलता येणारा शॉकअप बरा.

शॉकअपची लांबी डोळ्याच्या (टोकाला बोल्ट जातो त्या गोल कडीच्या) मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. बंप स्टॉप पूर्ण दबला तरी शॉकअपमध्ये 20-25 मिमी चाल उरली पाहिजे, आणि ॲक्सल पूर्ण लोंबकळला तरी शॉकअप ताणला जाता कामा नये. हेल्पर पाट्याने गाडी उचलली असेल तर हे दुसरं माप नक्की तपासा.

बसवण्याच्या आदल्या रात्री नट-बोल्टवर रस्ट स्प्रे मारून ठेवा. पुढच्या चाकांना उटी लावा, चासी स्टँडवर घ्या (विटा नकोत) आणि ॲक्सलखाली जॅक ठेवा. शॉकअप सुटला की ॲक्सल खाली येतो आणि ब्रेकचा होज ताणला जातो, म्हणून हा जॅक. एका वेळी एकच बाजू खोला, पण बदला जोडीनेच. बऱ्याच गाड्यांत एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे तिरपा असतो. ती मांडणी तशीच ठेवा.

ट्विन-ट्यूब उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आतली हवा निघते. चकचकीत दांड्याला पक्कड लावू नका. एक ओरखडा सील कापायला पुरतो. डोळ्यातला रबरी बुश बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीसने रबर फुगतं.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: गाडी वर असतानाच नट आवळले जातात. ॲक्सल लोंबकळत असताना बुशची आतली नळी जखडली की गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, कायम पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटून 'टक-टक' वाजू लागतं. बोल्ट हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा आणि मग मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा. नायलॉनवाला लॉकनट नवाच घ्या.

आता ट्रॉली जोडून, सामानातलं साधारण 60 टक्के वजन ट्रॉलीच्या ॲक्सलच्या पुढे ठेवून रिकाम्या रस्त्यावर फेरी मारा. आडवं शेपूट हलत असेल तर दोष शॉकअपचा नाही, सामान मागे गेलंय किंवा टायरमध्ये हवा कमी आहे. हेडलाइटची उंची ट्रॉली जोडूनच लावा, आणि 500 किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा तपासा, तेव्हाही गाडी चाकांवर उभी ठेवूनच.