चिऱ्याच्या घरात नेट न्यायचंय? आधी एवढं करून ठेवा

राजापूरकडच्या आमच्या घराची डागडुजी झाली तेव्हा लाद्या बदलल्या, रंग काढला, बाथरूम नवं केलं. वायरिंग मात्र जुनंच राहिलं, पट्टीवरचं, खोलीला एक प्लग. मग भाऊ घरून काम करायला आला आणि पडवीतलं वायफाय माजघरापलीकडे पोचेना. चिऱ्याची जाड भिंत वायफायच्या लहरींपैकी ५ गिगाहर्ट्‌झला जवळजवळ अडवूनच धरते, २.४ त्यातल्या त्यात पार जातं. अशा घरात महागडा राउटर घेण्यापेक्षा खोल्यांपर्यंत केबल नेलेली बरी.

सुरुवात कागदावर करा. मोबाइल घेऊन घरभर फिरा, कुठे नेट तुटतं ते लिहा. टेबल, टीव्ही, कॅमेरा कुठे येणार तेही. माप सुतळीने, भिंतीच्या कडेकडेने घ्या आणि दोन्ही टोकांना मीटरभर जादा धरा.

मग वीज. नेटच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात ते बरेचदा नसतंच. फायबरचा डबा, राउटर आणि नेटवर्क स्विच (एका केबलीचं नेट अनेक केबलींना वाटणारा डबा) जिथे बसणार तिथे तीन पिनांचे निदान तीन प्लग हवेत, तेही इन्व्हर्टरच्या लाइनवर. पावसात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते, ते सांगायला नको.

सगळ्यात जास्त विचार वाटेचा करा. माळा असेल तर तुमचं निम्मं काम झालं: केबल वाशाच्या कडेने न्यायची आणि प्रत्येक खोलीत एका भोकातून खाली उतरवायची. पण उंदीर केबल कुरतडतात, म्हणून ती पाइपातूनच न्या. पाइप २५ मिलिमीटरचा घ्या, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड लावा आणि प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा. उद्या आणखी एक केबल ओढायची तर भिंत फोडावी लागणार नाही. बाहेरच्या भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, नाहीतर आषाढात पाणी आत येतं.

आमच्या वायरमनने लाइटच्याच पाइपातून नेटची केबल ओढली होती. मी त्या दिवशी घरी नव्हतो, आल्यावर सगळी काढायला लावली. आतल्या एखाद्या वायरीचं आवरण गेलं तर २३० व्होल्ट थेट नेटच्या केबलीत उतरू शकतात. दोन्ही पाइप वेगळे ठेवा, मध्ये फूटभर अंतर सोडा. आणि ओलांडणं भागच असेल तिथे काटकोनात ओलांडा. गोठ्यापर्यंत किंवा बागेतल्या खोलीपर्यंत नेट न्यायचं असेल तर तांब्याची नको, फायबर घाला. विजा पडतात तेव्हा तांब्यातून झटका घरात येतो.

केबल कॅट-६ प्रकारची, शुद्ध तांब्याची. दुकानातच तिच्या एका तारेवर ब्लेड फिरवून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. टेबल आणि टीव्ही असतील तिथे दोन-दोन केबली घाला. दोन्ही टोकांना ओढण्याआधीच नंबर लावा. रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवा आणि केबल तपासायच्या टेस्टरवर आठही दिवे लागल्याशिवाय वायरमनला सोडू नका. केबलीतल्या आठपैकी चारच तारा जुळल्या तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं.

झिऱ्या (पाइपासाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवायला गवंडी येण्याआधी प्रत्येक भिंतीला मापाची टेप लावून फोटो काढा, म्हणजे पाइप कुठून गेलाय ते पुढे कळेल.