जुनं घर, वाडा, देऊळ दुरुस्त करताय? परवानगीच्या या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर सध्या जुन्या बांधकामांची कामं जोरात आहेत. कोणी माडी वाढवून होमस्टे करतंय, कोणी कौलं उतरवून स्लॅब टाकतंय, गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार चाललेत. यात अडकणारे लोक बहुतेक वेळा वाईट हेतूने अडकत नाहीत, त्यांनी कोणाला विचारलेलंच नसतं, किंवा चुकीच्या ऑफिसात विचारलेलं असतं, किंवा काम सुरू झाल्यावर विचारलेलं असतं. मग नोटीस येते, काम थांबतं, कौलं खाली रचलेली असतात आणि पाऊस काही कोणाच्या फाईलसाठी थांबत नाही. शेवटी मार त्या घरालाच बसतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

"ग्रामपंचायतीचा ठराव आहे ना, मग झालं"

नाही झालं. जुन्या वास्तूचं प्रकरण एका टेबलावर संपत नाही. आधी हे बघा की तुमच्या आसपास जी संरक्षित वास्तू आहे ती कोणाकडे आहे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, मुरूडचा जंजिरा, अलिबागचा कुलाबा हे किल्ले केंद्राच्या पुरातत्व खात्याकडे आहेत. खांदेरी राज्याच्या पुरातत्व संचालनालयाकडे. म्हणजे समुद्र एकच, जिल्हाही एकच, पण कुलाब्याचं ऑफिस वेगळं आणि खांदेरीचं वेगळं, कायदाही वेगळा. तिसरा प्रकार म्हणजे नगरपरिषदेच्या हेरिटेज यादीतली इमारत, तिथे नगररचनेचे नियम आणि हेरिटेज समिती. आणि हे सगळं असताना वर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम, आहेतच, कारण आपली निम्मी जुनी वस्ती भरतीरेषेला लागून. पुरातत्वाची एनओसी मिळाली म्हणून सीआरझेड माफ होत नाही, आणि ग्रामपंचायतीच्या परवानगीने यातलं काहीच माफ होत नाही. सरपंच आपला माणूस असला तरी त्याच्या हातात नसलेली गोष्ट तो देणार कुठून?

"किल्ला तिकडे, आमचं घर इकडे"

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० ला दुरुस्ती झाली. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, आणि तिथून पुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र, म्हणजे जिथे बांधकाम परवानगीनेच होतं. म्हणजे एकूण ३०० मीटर झाले. लोक मोजतात किल्ल्याच्या दरवाजापासून, किंवा रस्त्याने चालत, मोबाईलवर. मोजायचं असतं संरक्षित हद्दीच्या रेषेपासून, सरळ रेषेत, सगळ्या दिशांनी. तुमच्या पायवाटेला वळसा असला तरी कायद्याला नाही. विजयदुर्गात गाव किल्ल्याच्या तोंडाशीच आहे, रेवदंड्याला तर वस्ती आणि वाड्या तटबंदीच्या आतच आहेत, अशा गावात अंदाजाने चालूच नका, हद्दीचा नकाशा मागा आणि आपला सर्व्हे नंबर त्यात कुठे पडतो ते लेखी घ्या.

आता प्रतिबंधित म्हणजे काहीच करता येत नाही असं नाही, ही पण एक चूक आहे आणि तिच्यामुळे चांगली घरं वाळवीला दिली जातात. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर १०० मीटरच्या आतसुद्धा दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या परवानग्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. पण घर पाडून त्याच जोत्यावर, त्याच उंचीचं परत बांधणं ही कायद्याने दुरुस्ती नाही, ती पुनर्बांधणी, आणि ती १०० मीटरच्या आत चालत नाही. अर्जात "दुरुस्ती" लिहून साईटवर जेसीबी लावला की प्रकरण फौजदारी होतं, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घर १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवायचं कसं? जुनी घरपट्टी, ग्रामपंचायतीच्या आकारणी रजिस्टरचा उतारा, शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड, जुनं वीजबिल. आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, घरातले लग्नाचे फोटो काढा. पडवीत मांडव, मागे खांब, वर कौलं, कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का आणि साल, असा फोटो फाईलला जोडला की तपासणाऱ्या माणसाला घर कसं होतं ते लगेच कळतं. नुसता फोटो पुरेसा नाही, पण कागदांना त्याने चांगलं बळ येतं.

एप्रिलमध्ये अर्ज टाकणं

हिशोब करा. सक्षम प्राधिकाऱ्याने अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायला १५ दिवस, तिथे दोन महिने, परत आल्यावर निर्णय कळवायला एक महिना. कायद्यातली मुदत पाळली गेली तरी साडेतीन महिने झाले, आणि एखादा कागद कमी निघाला तर अजून. एप्रिलमध्ये टाकलेला अर्ज ऐन पावसात हातात येणार, तेव्हा छपराला हात कोण लावणार?

त्यामुळे कामाची सुरुवात गणपतीत करा. काम म्हणजे कागदांचं. कोकणातलं घर एकाच्या नावावर क्वचित असतं, सातबाऱ्यावर चुलते, आत्या, वारलेले आजोबा सगळे असतात, आणि सामायिक घराच्या अर्जावर एकाच भावाची सही असेल तर दुसरा भाऊ बोरिवलीहून हरकत घेतो आणि फाईल थांबते. गणपतीत सगळे चाकरमानी घरी असतात, संमतीपत्रावर सह्या तेव्हाच घ्या, वारसनोंद राहिली असेल तर तीही तेव्हाच मार्गी लावा. दसऱ्याच्या आसपास अर्ज गेला तर फेब्रुवारीपर्यंत काहीतरी हातात येतं, आणि शिमग्यानंतर काम काढून मृगाच्या आत कौलं चढतात.

याच्याशी जोडलेली आणखी एक चूक. नगररचना कायद्यात ६० दिवसात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, ती कोणीतरी सांगतो आणि लोक काम सुरू करतात. ती मानीव परवानगी नियमात पूर्ण बसणाऱ्या कामापुरतीच असते. पुरातत्वाची किंवा हेरिटेज समितीची मंजुरी लागत असेल आणि ती आलेली नसेल तर ६० दिवसांचा काही उपयोग नाही.

चिऱ्यावर सिमेंट

ही चूक परवानगीची पण आहे आणि घराची पण, म्हणून जरा थांबून सांगतो. आपला जांभा चिरा सच्छिद्र आहे. तो ओल ओढतो आणि हवेला सोडतो. जुन्या भिंतींना चुना किंवा माती होती, किनाऱ्यावर तर शिंपल्या भाजून चुना करायचे, त्यातून ओल बाहेर जायची. आता गवंडी येतो, खालचे दोन फूट भुसभुशीत झालेत बघतो आणि सिमेंटचा गिलावा मारतो. दोन पावसाळे भिंत छान दिसते. मग गिलाव्याला पोकळ आवाज यायला लागतो आणि एक दिवस त्याची खपली सुटते. ती उलटी करून बघा, पाठीला चिऱ्याचा लाल थर चिकटलेला दिसेल, पांढऱ्या मिठाच्या रेषांसकट. भिंतीत अडकलेलं पाणी आणि खारं वारं यांनी चिरा आतून खाल्लेला असतो, आणि प्रत्येक खपलीबरोबर भिंत थोडी थोडी पातळ होत जाते.

हेरिटेज समितीपुढे फाईल जाते तेव्हा साहित्य काय वापरणार हा प्रश्न येतोच, आणि तिथे "आवश्यक ती दुरुस्ती" एवढंच लिहिलेलं असतं. असं मोघम लिहू नका. कुठल्या भिंतीचा किती भाग, जुना गिलावा कशाचा, नवा कशाचा, कुठले वासे बदलणार आणि कुठल्या लाकडाचे, रीपा किती, कौलं मंगलोरी की जुने नळे, सगळं लिहा. प्रत्येक खोलीचे, बाहेरून चारी बाजूंचे फोटो, त्यावर नंबर, आणि तेच नंबर नकाशावर. अशी फाईल गेली की प्रश्न कमी येतात. आणि यादीतल्या इमारतीत रंगकामालासुद्धा परवानगी लागू शकते हे लक्षात ठेवा, मुंबईच्या १९९५ च्या हेरिटेज नियमावलीत रंग आणि गिलावा दोन्ही आहेत आणि इतर शहरांचे नियम बरेचसे त्याच धर्तीवर आहेत.

देऊळ गावाचं, निर्णय मिटिंगमध्ये

देवळाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. उतरत्या छपराचं, कोरीव खांबांचं देऊळ चार महिन्यांत जातं आणि तिथे आरसीसीचा कळस उभा राहतो, कारण देणगी जमली आणि उत्साह होता. मानकरी, बारापाच, मंडळ सगळे एकमताने असतात आणि तरी विचारायचं राहून जातं की देऊळ संरक्षित आहे का, ट्रस्टचं आहे की देवस्थान समितीकडे. सिंधुदुर्गातली बरीच देवस्थानं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या अखत्यारीत येतात, तिथे गावाचा ठराव पुरत नाही. गळती असेल तर गळती काढा, कुजलेला खांब तेवढा बदला. आणि कंत्राटदाराला अॅडव्हान्स देण्याआधी हेरिटेजचं काम केलेल्या आर्किटेक्टला एकदा देऊळ दाखवा. पाडून बांधायचा खर्च कंत्राटदार लगेच सांगतो, राखायचा खर्च गावाने कोणाला विचारलेलाच नसतो.

यादी जाहीर झाली तेव्हा गप्प, नंतर कोर्टात

हेरिटेज यादी रातोरात होत नाही. आधी मसुदा निघतो, पेपरात जाहीर सूचना येते, हरकती-सूचनांसाठी मुदत असते. ती सूचना बारीक टायपात येते आणि आपण वाचत नाही. वाचा, आणि मुदतीत लेखी द्या, पोच घ्या. "आम्हाला नको" एवढंच लिहून भागत नाही. इमारतीचा कोणता भाग जुना आहे, कोणता नंतरचा, ग्रेड चुकीची वाटत असेल तर का, हे लिहा. ग्रेडने खूप फरक पडतो. एकमध्ये मजबुतीसाठी लागेल तेवढाच हस्तक्षेप, दोनमध्ये आतले काही बदल चालतात, तीनमध्ये बरीच मोकळीक असते, फक्त त्या आळीचं रूप बिघडू नये. यादीत आलं म्हणजे घर सरकारजमा झालं, ही नुसती भीती आहे. मालक तुम्हीच राहता, विकता येतं, भाड्याने देता येतं.

अशीच भीती जुलै २०२५ नंतर पसरली, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा. त्यात आपल्याकडचे रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. घरदुरुस्तीला परवानगी देणारं ऑफिस युनेस्को नाही, ते आधी जे होतं तेच आहे. उलट बाजूही सांगतो. कोकणातली कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली म्हणून ती आपोआप सुरक्षित झाली असं समजू नका. नुसत्या त्या यादीने चिरेखाण थांबत नाही, त्याला राज्याची किंवा केंद्राची अधिसूचना लागते. तुमच्या सड्यावर असं काही असेल तर पुरातत्व विभागाला फोटो आणि गट नंबरसकट कळवा.

काम थांबवलंय, आता काय?

पहिली गोष्ट, घाईघाईने उरलेलं काम रात्रीत संपवू नका, त्याने प्रकरण वाढतं. जसं आहे तसे तारखेसकट फोटो काढा. छप्पर उघडं असेल तर ताडपत्री घालायला म्हणून वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या, त्यात भिंत भिजून पडण्याचा धोका स्पष्ट लिहा. नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा. नगररचनेची असेल आणि काम नियमात बसत असेल तर नोटिशीतल्या मुदतीत ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. पुरातत्वाची असेल आणि घर १०० मीटरच्या आत असेल तर नवीन बांधकाम नियमित होईल या आशेवर बसू नका, दुरुस्तीचा भाग वेगळा काढून त्याचा नीट अर्ज करा. तोंडी "चालेल हो" म्हणणाऱ्या कोणावरही विसंबू नका, प्रत्येक कागदावर आवक नंबर घ्या. आणि उतरवलेली कौलं, खांब, कोरीव तुळया भंगारवाल्याला देऊ नका, मंजुरी आली की तेच सामान परत बसवायला सांगतील, तेव्हा ते पडवीत कोरड्या जागी नंबर घालून रचून ठेवा.