कासवाच्या कानाशी गाठ आली तर
डोळ्यामागे, कानाच्या जागी टणक फुगवटा दिसला की पिळू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू वाहत नाही, पनीरासारखा घट्ट असतो. नुसत्या अँटिबायोटिकने तो विरघळत नाही, हळदीच्या लेपाने तर नाहीच (शेजारची काकी या वाक्यावर रुसणार). म्हापशाच्या आमच्या डॉक्टरांनी भूल देऊन छेद घेतला आणि गोळा आख्खा काढला.

खरे काम त्यानंतर घरी. जखम बहुधा उघडीच ठेवतात, ती आतून भरत यायला हवी. डॉक्टर सांगतील तितके पातळ केलेले बेटाडिन वापरून ती रोज धुवायची. आमचे लाल कानांचे पाणकासव तेव्हा दिवसभर कोरड्या टबात असे, पाण्यात फक्त खाण्यापुरते. पावसाळ्यात उबेचा दिवा हवाच. जागा 28 अंशांच्या आसपास ठेवा, थंडीत जखम भरायला वेळ लागतो.

कारण बहुतेकदा घाण पाणी आणि जीवनसत्त्व अ ची कमतरता. रोज सुकी सुंगटे (कोळंबी) घालणे बंद करा. शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा द्या. व्हिटॅमिनचे इंजेक्शन मात्र हट्टाने मागू नका, जास्त झाले तर कातडी सोलून निघते.

आणि दरवेळी हात साबणाने धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो.