वादळानंतर गावात पुन्हा भजन सुरू करताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले आणि कित्येक गावांनी पुढचे काही आठवडे विजेविना काढले. छप्पर कसेबसे पुन्हा घालता येते. पोफळ मात्र नव्याने लावली तर धरायला पाच-सात वर्षे लागतात, आणि आजोबांनी लावलेली वाडी गेल्याचे दुःख पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. या दुःखाला वाट करून देण्याचे काम गावचे भजनी मंडळ चांगले करू शकते, कारण ते आधीपासून गावात असते, त्याला वीज लागत नाही आणि त्यातली माणसे एकमेकांच्या घरची असतात. अशा वेळी मंडळाने काय करावे आणि काय टाळावे, ते पुढे लिहिले आहे.

सुरुवातीचे दिवस माणसे, गुरे, पाणी, औषधे आणि छप्पर यांचे असतात. त्या दिवसांत मंडळातल्या तरुणांनी कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाटा मोकळ्या कराव्यात; भजनाचे बोलावणे धाडू नये. दिवेलागणीला माणसे आपोआप कोणाच्या तरी ओटीवर जमू लागली, की वेळ आली असे समजावे. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे एकत्र येण्यावर बंधने होती; तसा प्रसंग असेल तर एकेका आळीत चार-पाच जणांनी आपापल्या ओटीवरूनच साथ धरावी.

भिजलेल्या वाद्यांकडे मात्र लगेच पाहावे लागते, कारण पावसाळी हवेत चामड्याला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पखवाज किंवा तबला भिजला असेल, तर गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) सैल करून वादीचा, म्हणजे आवळणाऱ्या चामडी पट्टीचा, ताण आधी कमी करावा. ओली पुडी (तोंडावरचे चामडे) सुकताना आखडते आणि ताणलेली असेल तर फाटते. वाद्य सावलीत, वाऱ्याला ठेवावे. उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवल्यास खोडाला चीर जाते. पुडीवरची शाई, म्हणजे मधला काळा लेप, बोटाने चाचपून पाहू नये, कारण ओली शाई खपल्यांनी सुटते. पेटीत (हार्मोनियममध्ये) पाणी शिरले असेल, तर वाजते का हे पाहण्यासाठी भाता मुळीच हलवू नये. वरची फळी काढून पेटी उघडी ठेवावी, चिखल मऊ फडक्याने टिपावा आणि आतल्या सुरांना, म्हणजे स्वर देणाऱ्या पितळी पट्ट्यांना, हात न लावता ती कारागिराकडे द्यावी. टाळ गोड्या पाण्याने धुऊन पुसले आणि दोऱ्या बदलल्या की लगेच वाजू लागतात, म्हणून पहिली बैठक नुसत्या टाळांवर झाली तरी चालते. पखवाज वाचला असेल तर त्याच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लागते, आणि घरोघरचे पीठ तर भिजलेले असते. अशा वेळी मदतीच्या पिशवीतल्या पिठातून कोणाकडून तरी मूठभर मागून घ्यावे. अन्न असे वापरताना जीव कचरतो हे खरे; परंतु ज्या आजींनी ते पीठ मळून दिले, त्या आजी त्या संध्याकाळी भजनाला हटकून येतात.

पहिल्या बैठकीत काय गावे, याचे उत्तर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या रीतीत सापडते. २९ ऑगस्ट २००५ रोजी तेथे कॅटरिना चक्रीवादळ आले, पूर अडवणारे बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तिथल्या कृष्णवर्णीय समाजात अंत्ययात्रेबरोबर बँड चालतो. दफनभूमीकडे जाताना तो संथ प्रार्थनागीते वाजवतो आणि मृताला निरोप दिल्यानंतर परतताना नाचाची लय धरतो, तेव्हा मागून येणारे शेजारीपाजारी छत्र्या आणि रुमाल नाचवत त्यात सामील होतात. शोक आधी, नाच नंतर, हा क्रम तिथे कोणी मोडत नाही. आपले भजनही संथ अभंगाकडून गजराकडेच जाते. तो क्रम वादळानंतर अधिक सावकाश ठेवावा. पहिले काही दिवस गजर आणि गवळण नसली तरी चालेल. धीर धरण्यास सांगणारे अभंगही मी टाळीन, कारण ज्याची वाडी कालच गेली त्याला तो उपदेश वाटतो. देवावर रुसणारे, त्याला जाब विचारणारे अभंग संतांनी भरपूर रचले आहेत, ते घ्यावेत. गाताना कोणी रडू लागले, तर बुवांनी थांबू नये आणि त्या माणसाकडे पाहूही नये; ठेका तसाच चालू राहिला म्हणजे रडणाऱ्याला आडोसा मिळतो.

भजनात सारे गाव येत नाही, हे मंडळाने प्रामाणिकपणे मान्य करावे. कोकणातल्या पुष्कळ गावांत कोळीवाडा, बौद्धवाडी आणि मुसलमानांचा मोहल्ला शेजारी-शेजारी असतात आणि वादळाने पत्रे सर्वांचेच नेलेले असतात. म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेच्या पटांगणात ठेवावी आणि तेथे प्रत्येक वाडीने आपले गाणे आणावे. बायकांना ओवी मागावी. ओवीत आपले शब्द घालण्याची मुभा असल्याने, पडलेल्या माडाचे, वाहून गेलेल्या भांड्यांचे नाव त्यात सहज येते. जाखडीचे (कोकणातल्या गाण्या-नाचाच्या लोककलेचे) शाहीर असतील तर त्यांनी वादळावर नवे कवन बांधावे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोतील वीज महिनोन्‌महिने घालवली. त्या बेटावर हातडफांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या प्लेना या गीतप्रकाराला ‘गायले जाणारे वृत्तपत्र’ म्हणतात. आपला शाहीर त्याच जातीचा आहे.

एकत्र गाण्याने माणसे लवकर जवळ येतात, यास आधार आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली गायनाच्या वर्गांची हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी तुलना केली, तेव्हा सात महिन्यांअखेर सर्व वर्गांत जवळीक सारखीच आढळली, परंतु गाणाऱ्यांत ती फार लवकर निर्माण झाली होती. तरीही गाणे हा सगळ्यावरचा उपाय नव्हे. वारा सुटला की थरथरणारी, आठवडे उलटूनही झोप न येणारी किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणारी व्यक्ती दिसली, तर तिला भजनाला ओढून न आणता सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लहान मुलांजवळ मोठा ढोल एकदम वाजवू नये. पत्र्याच्या आवाजाची आठवण त्यांना फार दिवस पुरते.

मुंबईकर मंडळांना मदत करायची असल्यास त्यांनी ऑर्केस्ट्रा पाठवू नये. पुड्या, वादी, टाळांच्या दोऱ्या आणि एक पेटी-तबल्याचा कारागीर चार दिवसांसाठी पाठवावा, आणि वाजवणाऱ्याचे घर आधी शाकारून द्यावे. न्यू ऑर्लिन्समध्ये विखुरलेले वादक परत यावेत म्हणून ‘म्युझिशियन्स व्हिलेज’ नावाची वस्ती बांधली गेली, त्यात ७२ घरे आहेत. वादकाला छप्पर मिळाले की वाद्य गावात राहते.

बैठकीचा वार ठरला की तो पाऊस असो वा नसो पाळावा, दोनच माणसे आली तरी. अरबी समुद्रातली वादळे बहुधा मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरनंतर येतात, म्हणून एप्रिल संपण्याआधी मंडळाने वाद्ये प्लॅस्टिकच्या जाड कापडात बांधून, वर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावून, गावातल्या पक्क्या स्लॅबच्या घरात उंचावर ठेवावीत आणि किल्ली कोणाकडे आहे ते सर्वांना सांगून ठेवावे.