एमएफएम (मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोपी) करताना या चुका टाळा: पट्टा दिसला म्हणजे डोमेन नव्हे

मे महिन्यातली नागपूरची दुपार, प्रयोगशाळेत कूलर सुरू. विद्यार्थिनी धावत आली, "मॅडम, डोमेन दिसून राहिले!" स्क्रीनवर एकसारखे काळे-पांढरे पट्टे. मी स्कॅनचा वेग निम्मा करायला लावला. पट्टे दुप्पट झाले. डोमेन, म्हणजे पदार्थातले एकाच दिशेने चुंबकित असलेले भाग, वेग पाहून वाढत नाहीत; ही विजेच्या मेन्सची 50 हर्ट्झची गुणगुण होती. सेकंदाला एक ओळ, त्यातला जाण्याचा अर्धा सेकंद, म्हणून 25 पट्टे. कूलर बंद केला, अर्थिंग नीट केलं, पट्टे गेले. तिचा चेहरा पडला, पण हीच परीक्षा आधी घ्यायला हवी.

मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोपीत चुंबकीय थर दिलेली, सुईसारखी बारीक टिप पहिल्या फेरीत पृष्ठभागाचा उंचसखलपणा नोंदवते. दुसऱ्या फेरीत ती काही दहा नॅनोमीटर वर उचलून तोच चढउतार गिरवते आणि तिच्या कंपनाची फेज (कंपनाचा ताल) किती सरकली ते मोजते. मात्र फेज फक्त चुंबकत्वाने सरकत नाही. फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) गोळीवर विद्युतभार साठला तरी सरकते, आणि टिप फार खाली असेल तर खड्डे-उंचवटेही चित्रात उतरतात. टिपची उंची 50 नॅनोमीटर ठेवून सुरुवात करा, मग 30 आणि 100 वर पाहा. चुंबकीय खूण उंचीबरोबर धूसर होते, पण बराच वेळ टिकते. पृष्ठभागाची छाप लवकर विरते.

पाकिटातून काढलेली टिप तशीच लावू नका. आधी तिच्या अक्षाच्या दिशेने कायम चुंबक धरून ती चुंबकित करा. स्कॅन झाल्यावर चुंबक उलटा धरून टिप उलट दिशेने चुंबकित करा आणि तोच भाग पुन्हा पाहा: काळ्याचं पांढरं झालं तर खूण चुंबकीय, जशीच्या तशी राहिली तर नाही. माझ्या मते या एका चाचणीशिवाय चित्र प्रबंधात जाऊच नये. पर्मअलॉय या निकेल-लोह मिश्रधातूसारख्या मऊ चुंबकीय, म्हणजे चुंबकत्व सहज बदलणाऱ्या, पदार्थावर मात्र टिपच डोमेन हलवते. तिथे कमी चुंबकत्वाची टिप घ्या.

नमुना लोखंडी चकतीवर चिकटवून चुंबकी बैठकीवर ठेवण्याची सवयही अंगाशी येते, कारण खालचा चुंबक नमुन्यावर परिणाम करतो. चकती आणि बैठक दोन्ही अचुंबकीय घ्या. सुटी पावडर तर ठेवूच नका, कण उडून टिपला चिकटतात. रेझिनमध्ये बसवून पॉलिश करा.

टिपवरच शंका असेल, तर सीताबर्डीवरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून जुनी हार्डडिस्क आणा. तिच्या तबकडीच्या तुकड्यावर बिट्सच्या रांगा दिसल्या नाहीत, तर दोष नमुन्याचा नाही.