टेलिफोन एक्स्चेंजच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

डिप्लोमा करून कामाला आलेल्या पोरांना मी आधी एमडीएफपाशी, म्हणजे बाहेरच्या लाइन आणि एक्स्चेंज जिथे जोडतात त्या चौकटीपाशी, उभं करतो. एका अंगाला गावातून आलेल्या केबलच्या जोड्या, दुसऱ्या अंगाला लाइन कार्डांची टोकं आणि मधे दोन्ही जोडणारी तार, म्हणजे जंपर. जंपर सोडवून एक्स्चेंजच्या बाजूला टेस्ट फोन लावा. डायल टोन आला तर फॉल्ट बाहेर आहे, लाइनमनला पाठवा. नाही आला तर आत शोधा. आमच्या लातूर-नांदेडकडे काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि केबलचे जॉइंट ओढले जातात. त्यामुळे जूननंतर फॉल्ट बहुतेक बाहेरच सापडतो.

लाइन कार्ड मात्र नीट समजून घ्या. फोनला उणे ४८ व्होल्ट तिथूनच जातात, घंटीही तिथूनच वाजते आणि आवाजाचे आकडेही तिथेच होतात. सेकंदाला ८००० वेळा मोजणी, प्रत्येक मोजणीला ८ बिट, म्हणजे एका बोलण्याला ६४ केबीपीएस. असे ३२ टाइमस्लॉट एकापाठोपाठ लावले की २०४८ केबीपीएस होतात. त्यालाच सगळे ‘टू एमबी’ म्हणतात. त्यातल्या ३० स्लॉटवर बोलणं चालतं, शून्य नंबरचा दोन्ही टोकं जुळवून ठेवतो आणि सोळा नंबरचा बहुतेक ठिकाणी सिग्नलिंगला असतो.

खेड्यातल्या रिमोट युनिटला, म्हणजे मोठ्या एक्स्चेंजच्या गावातल्या छोट्या शाखेला, स्वतःचं स्विचिंग नसेल, तर शेजारच्या घरी लावलेला फोनसुद्धा तालुक्याच्या एक्स्चेंजमधून फिरून येतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की अख्खं गाव मुकं होतं आणि गावातली एकेक जोडी तपासली तर ठणठणीत असते. १९८४ साली सुरू झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेच्या १२८ पोर्टच्या रॅक्स या ग्रामीण एक्स्चेंजमध्ये गावातल्या गावात कॉल लागायचे. शिवाय ते एसीशिवाय चालायचं. मराठवाड्याच्या मे महिन्यात याचं मोल फार होतं. त्या रचनेबद्दल मला आजही मनापासून आदर आहे.

टू एमबी गेला की फोनाफोनी करत बसू नका, डीडीएफवर, म्हणजे टू एमबीच्या जोडण्यांच्या चौकटीवर, लूप मारा. आपल्या कार्डाचं पाठवणं त्याच्याच घेण्याला जोडलं आणि अलार्म गेला, तर कार्ड चांगलं आहे, बिघाड पुढच्या वाटेत. मग समोरच्या टोकाला लूप मारायला सांगा. काम झालं की लूप काढल्याची नोंद रजिस्टरमध्ये करा. विसरलेला लूप पुढच्या पाळीच्या माणसाला रात्रभर छळतो.

तांब्याच्या जोड्या आता कमी होत चालल्यात, घरापर्यंत फायबर येतेय, आवाज पॅकेटमधून जातो. तरी तिथेही जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) असेल तर हिशेब तोच, ८००० गुणिले ८. त्यामुळे एमडीएफवरचे दिवस वाया जात नाहीत. सोबत आयपी अ‍ॅड्रेसिंग आणि सिप, म्हणजे आयपीवर कॉल जोडायची पद्धत, शिकून घ्या. कॉल लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, अशी तक्रार आली तर आधी राउटरचं नॅट (आतले-बाहेरचे पत्ते बदलणारी सोय) आणि फायरवॉल बघा.