बजीची वाटी भरलेली दिसते, पण त्यात दाणे आहेत का?

बजी किंवा कॉकटील हे पिंजऱ्यात पाळले जाणारे छोटे परदेशी पोपट दाणा सोलून आतला गर खातात आणि टरफल तिथेच टाकतात. त्यामुळे वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण वर नुसता कोंडा असतो आणि पक्षी उपाशी. तीस-चाळीस ग्रॅमच्या बजीला एक दिवसाची उपासमारही महागात पडते.

१. रोज सकाळी वाटी पिंजऱ्यातून काढून गॅलरीत न्या आणि हलकी फुंकर मारा. सुपात पाखडल्यासारखी टरफलं उडून जातात, दाणे तळाशी राहतात.
२. खरंच किती उरलंय ते पाहूनच वर राळा-बाजरी घाला. गावाला जाताना शेजाऱ्यांना हे आवर्जून करून दाखवा. वाटी भरलेली पाहून फसतात ते तेच.
३. खोल वाटीपेक्षा पसरट, उथळ वाटी बरी. दाणे कोंड्याखाली गाडले जात नाहीत.

वाटी धुतलीत तर पूर्ण कोरडी करूनच दाणे भरा. ओल राहिली की बुरशी धरते, आणि ती पक्ष्याला बाधते.

(आपला देशी हिरवा पोपट मात्र घरात ठेवूच नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.)